आवाजाच्या पुढे

धम्मदीप लढाऊ विमान चालवायला लागला, तेव्हा त्यानंच कौसल्याबाईंना शिकवलं होतं, "माय, आवाज येते तिथं पाहू नोको. विमान कवाचंच पुढं गेलं राह्यते. पुढं पाह्य."

तीन दिवस झाले, लेकाचा फोन नव्हता. दिग्रसजवळच्या वावरात कापूस वेचताना आज भरदुपारी एकाएकी आभाळ गरजलं.

"आलं वाटते तुमचं पोट्टं! टाका भाकर," शेजारच्या तासात, कपाशीच्या पुढच्या ओळीत वेचणारी विशाखाबाई हसली.

कौसल्याबाईंनी आवाजाच्या पुढे पाहिलं. आभाळ निळं, रिकामं. आवाज मात्र पुढे सरकेना. वावरावरच घुमत राहिला.

त्यांनी आणखी पुढे पाहिलं. पळसाच्या पुढे, वावराच्या बांधाच्या, धुऱ्याच्या पुढे, आणि नजर थेट आपल्या घरावर जाऊन थांबली. कमरेची कापसाची ओटी तिथंच टाकून त्या धावत सुटल्या.

सकाळी लावलेलं कुलूप दाराला तसंच होतं. किल्ली पदराला बांधलेली. आत माठावरचं झाकण वाजलं. कुणीतरी घटाघटा पाणी प्यायलं.

त्याच वेळी वावरातला आवाज घराकडे येऊ लागला.

"माय," दाराआडून धम्मदीप हळूच म्हणाला, "मांगं पाहू नोको."