पारोळ्यापुढची भाकरी

"पारोळा येस तोवर गाठ सोडू नका," कमलबाईनं भाकरीचं फडकं बसच्या खिडकीतून वर दिलं. "मंग निवांत खा."

लीलाधरनं फडकं मांडीवर ठेवलं. बायकोच्या नजरेला नजर द्यायची त्याची हिंमत नव्हती. चाळीसगावला पंपाच्या मोटारींत तार भरायचं मशीन बघायला चाललोय, दोन-तीन दिवस लागतील, असं त्यानं तिला सांगितलं होतं. खरं तर चाळीसगावला तो फक्त मुंबईची गाडी पकडणार होता. बंडीच्या चोरखिशात पासपोर्ट होता, आणि मुंबईत एजंट मस्कतचा व्हिसा घेऊन त्याची वाट बघत होता.

बस अमळनेरच्या स्टँडमधून बाहेर पडली. आठ वाजले होते. लीलाधरच्या मनगटावर मात्र साडेसहा. परत येऊन दोन वर्षं झाली तरी त्यानं घड्याळ मस्कतचंच ठेवलं होतं. गल्लीनं त्यावरून त्याची खूप खेचली, पण गड्यानं काटे काही फिरवले नाहीत. साडेसहा म्हणजे कंपनीची गारेगार बस दारात यायची वेळ. पंधरा वायरमनचा तो फोरमन होता तिथं. इथं विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरत बसायचं, तेही लाइट आली तर. तिकडं गेलेली माणसं गावासाठी झुरतात. हा पठ्ठ्या गावात बसून मस्कतसाठी झुरत होता.

दिवाळीत तिकडच्या रुपचंदचं पत्र आलं. जागा रिकामी आहे, फोरमनला आता राहायला क्वार्टरही मिळते, लगेच ये. लीलाधरनं ते कॅलेंडरमागे खोचून ठेवलं. नीट लपवायचंही त्याच्या मनात आलं नाही. कमलबाईला कुठं वाचता येत होतं!

त्या हिवाळ्यात ती साक्षरतेच्या वर्गाला जायला लागली. दुपारभर पाटीवर आपलं नाव गिरवायची. "कलेक्टर होनं शे का तुले?" असं म्हणून तो हसायचा. तीही हसायची.

मागच्या महिन्यात मात्र त्याचं धाबं दणाणलं. तो घरी आला तर पोस्टमन ओट्यावर उभा, आणि कमलबाई जीभ दातात धरून रजिस्टरवर सही करतेय. हातात जाडसर पाकीट. एजंटनं काही घरी तर पाठवलं नाही?

"काय शे ते?"

"वर्गानं सर्टिफिकेट शे. फोटो काढा व्हता ना मी, त्यानंच."

लीलाधरचा जीव भांड्यात पडला. पाकीट बघायलाही तो विसरला.

"लीलाधर, तुनी घरवाली बी दर मंगळवारले भेटस, धुळानी गाडीमा," बसमध्ये शेजारी बसलेले तोताराम आबा म्हणाले.

"हां आबा. लेककडे जास ती."

"ते ठीक शे. पन पुढे जागा ऱ्हायनी तरी सर्वात मांगे जाई बसस. काबर?"

लीलाधर ओशाळला. कमलबाईला बस लागते हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बस गावाबाहेर पडायच्या आत तोंडाला पदर आणि नाकाशी लिंबू. "उलटी व्हयनी तर कोनले तरास नको, म्हनीसन बसत व्हई," तो म्हणाला.

"मायनी माया, दुसरं काय!"

आबांना झोप लागली. लीलाधरला चैन पडेना. सहा वर्षं या बाईनं एकटीनं घर ओढलं. लेकीचं लग्न एकटीनं जमवलं. अंतरपाट धरला तेव्हा बाप मस्कतला तारा जोडत होता. तिनं कधी चकार शब्द काढला नाही. आणि आज आपण तिला थाप मारून निघालो, वर तिच्याच हातची भाकरी मांडीवर घेऊन! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा त्याचं ठरलं होतं. परत जायचं. तिला सगळं सांगायचं. ती नाही म्हणाली, तर पासपोर्ट चुलीत.

"आबा, मी उतरस."

"काय इसरना का?" आबांनी डोळे किलकिले केले.

"हां. सांगानं इसरनू."

अमळनेरची गाडी यायला अर्धा तास होता. तो बाकड्यावर बसला. मन कसं हलकं झालं, आणि भूकही लागली. पारोळा तर आलंच होतं. त्यानं गाठ सोडली.

कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या दोन भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. आणि खाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट.

लीलाधरचा हात झटकन चोरखिशाकडं गेला. त्याचा पासपोर्ट जागेवर होता.

त्यानं दुसरा उघडला. फोटोतून दिवाळीचं लुगडं नेसलेली कमलबाई त्याच्याकडं रोखून बघत होती. खाली तिची सही, एकेक अक्षर सुटं. आत रुपचंदचं पत्र घडी करून ठेवलेलं, आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर तसल्याच सुट्या अक्षरांत दोन ओळी:

"मना बी व्हिसा लई या. आते माले बस लागस नही, मांगना सीटवर बी नही."