ढाल आणि बगळा

"ही पाखरंबिखरं खरवडून टाक. नुसतं 'हुआन' राहू दे." गोऱ्या न्यायाधीशाचा हुकूम दुभाष्याने म्हाताऱ्या चित्रकाराला ऐकवला, तशी तेइकू पुढे सरकली.

कचेरीत पसरलेल्या झाडाच्या सालीच्या कागदावर तळ्याकाठची शेतं काढलेली होती. प्रत्येक शेतात मालकाचा चेहरा, सगळे एकाच साच्याचे, आणि डोक्यापासून निघालेल्या बारीक रेघेच्या टोकाला त्याच्या नावाचं चित्र; खाली अक्षरांत बाप्तिस्म्याचं नाव. तेइकूच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव बगळा, अक्षरांत हुआन. त्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही शेतांत धुमसती ढाल, म्हणजे गावचा मुखिया. तोही हुआनच. बगळा गेला की तिन्ही शेतं एकाच हुआनची दिसणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ही चित्रं सैतानाची, असं सांगून न्यायाधीशाचे कान कोणी भरले, तेही.

"बाबा, नका पुसू," तेइकू चित्रकाराला म्हणाली. "पाद्रीबाबांनी एका दुपारी अख्ख्या आळीला एकच नाव वाटलं. हुआन फार आहेत आमच्यात. त्यातला माझा कोणता, हे कसं कळणार?"

"तुला शेत हवं की सैतान?" बाजूला उभा मुखिया हसला. "चालव रे हात, म्हाताऱ्या."

चित्रकाराने काळ्या काचदगडाचं पातं उचललं. हुकूम मोडला तर चाबूक ठरलेला. पातं बगळ्याच्या चोचीवर टेकलं. तेइकूने डोळे मिटले.

मग पातं उचललं गेलं आणि शेजारच्या ढालीवर आलं.

"मानाप्रमाणे करतो, मालक. आधी तुमचं."

"माझं कशाला?"

"हुकूम सगळ्यांनाच आहे ना. ढाल तुमच्या पणजोबांपासूनची. ती गेली की तुम्हीही नुसते हुआन." चित्रकार मान खाली घालूनच बोलत होता. "बाहेर अंगणात पाच-सहा हुआन बसलेच आहेत. त्यातला कुणीही म्हणेल, ही तिन्ही शेतं माझी."

पात्याखाली कागदाचा पहिला तंतू सुटला. मुखियाचा पंजा ढालीवर आदळला. बोट कापलं, रक्त आलं.

"काय झालं?" दुभाष्याने न्यायाधीशाचा प्रश्न सांगितला.

मुखियाने हात उचलला नाही. तेइकूकडे न बघता तो म्हणाला, "राहू द्या ही चित्रं, सरकार. आमच्यात हुआन फार आहेत."