खाली माणूस आहे

"आहेस ना?" फियाटच्या खालून श्यामकांतचा आवाज आला.

"आहे," पद्मजा म्हणाली.

सकाळपासून हेच चाललं होतं. अंबरनाथमधल्या त्यांच्या बैठ्या घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये गाडी, गाडीखाली नवरा आणि गाडीशेजारी पाटावर ती. श्यामकांत कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. खाली माणूस काम करत असेल तर बाहेर दुसरा माणूस जागचा हलता कामा नये, हा तिथला नियम त्याने घरीही लावला होता. घरी दुसरा माणूस म्हणजे पद्मजाच.

गाडी उचलायचे सगळे प्रकार करून झाले होते. आधी विटांचा उतार केला. गाडी अर्धी चढली आणि विटा फुटल्या. मग खड्डा खणला. पावसाळ्यात त्यात बेडूक राहायला आले. शेवटी जॅक आणला. पण एकट्या जॅकवर विश्वास नव्हता म्हणून शेजारी लाकडाचे जाड ठोकळे, ठोकळ्यांवर विश्वास नव्हता म्हणून स्टेपनी आडवी सारलेली, आणि या सगळ्यांवर मिळून विश्वास नव्हता म्हणून बायको. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. श्यामकांत कधीच न पोळता फुंकत आला होता.

एरवी पद्मजा तिथेच बसून तांदूळ निवडायची, भाजी चिरायची. आज तिने काहीच हातात घेतलं नव्हतं. आज अण्णा, तिचे वडील, इंदूरला चालले होते. आत्तापर्यंत ते बदलापूरला तिच्या बहिणीकडे, सुनंदाकडे होते. आता दादा त्यांना कायमचं आपल्याकडे नेणार होता. अण्णांचं वय आणि इंदूरचं अंतर पाहता ही भेट शेवटची, हे सगळ्यांनाच कळत होतं. बोलत कुणी नव्हतं, एवढंच.

अण्णांना बदलापूरहून कल्याण स्टेशनला आपण आपल्या गाडीने सोडू, असं श्यामकांतनेच जाहीर केलं होतं. आणि काल संध्याकाळी ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला गेलं.

"मग आपण दोघं रिक्षाने जाऊ," पद्मजाने सकाळीच म्हणून पाहिलं होतं.

"दारात गाडी असताना? शब्द दिलाय मी अण्णांना."

"मग मी एकटी पुढे होते."

"आणि इथे कोण बसणार? म्हाताऱ्या माणसाला न्यायचं, तर ब्रेक धड नकोत?"

त्याचं बोलणं कधी चुकीचं नसे, हीच तर रड होती. पद्मजाला राग येत नव्हता. राग यायलाही अंगात जोर लागतो. ती नुसती दमली होती, बसून बसून दमली होती. जेवणाची वेळ टळून गेली. उन्हाने पत्रे तापले. खाली पाना फिरत होता, घसरत होता, पुन्हा फिरत होता.

फाटकाशी रिक्षा थांबली. मागे ट्रंक, वळकटी. दादाने आधी स्वतः उतरून अण्णांना हात दिला. अण्णा काठी टेकत शेडपर्यंत आले.

"गाडी येईना. म्हटलं, वाटेवरच तर आहे तुझं घर."

ती उठायला गेली.

"अगं, उठू नकोस!" खालून आवाज आला. "कोण आलंय?"

"अण्णा आलेत."

"बसवून घे त्यांना. पाइप बसतोच आहे. दहा मिनिटांत निघू!"

"होऊ द्या सावकाश, श्यामकांतराव," अण्णा म्हणाले. "मला काही घाई नाही. आगगाडीला आहे."

पद्मजाने बसल्या बसल्याच वाकून त्यांच्या पायांना हात लावला. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो काढायचं विसरल्यासारखे उभे राहिले. रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"चला अण्णा," दादा म्हणाला. "गाडी चुकेल."

अण्णा वळले. सदरा खांद्यांवरून उतरला होता, आतला माणूस आटला होता. रिक्षात चढताना एक पाय त्यांना दोन्ही हातांनी उचलून आत ठेवावा लागला. पद्मजाने ते पाहिलं.

"अहो, बाहेर या. मी अण्णांबरोबर कल्याणला जातेय."

"आत्ता? अगं, मी खाली आहे!"

"म्हणून तर सांगतेय. बाहेर या."

खाली सगळं थांबलं. मग पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला. आधी पाय दिसले, मग ढेरी, मग काळवंडलेलं तोंड. तो पुरता बाहेर येईपर्यंत पद्मजा पाटावरून हलली नाही. मग उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या.

"घरातल्या साडीवर?" श्यामकांतने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

अण्णा सरकून बसले. दादाने वळकटी मांडीवर घेतली. रिक्षा सुटली तसा पद्मजाने अण्णांचा हात हातात घेतला. पुढे रस्ता खणून ठेवलेला होता, रिक्षावाला शिव्या घालत होता, दादा सारखा घड्याळ बघत होता. कल्याण अजून लांब होतं, आणि पद्मजाला त्याचं फार बरं वाटत होतं.