म्हणजे सरांचा सराव

"आज शतक पुरं करताय का, सर?" रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी पहिल्या बाकावरून विचारले.

प्रश्न खोचक होता, पण निराधार नव्हता. मागच्या सरावात भौतिकशास्त्राच्या सरांनी दहा मिनिटांच्या इंग्रजी व्याख्यानात 'म्हणजे' हा शब्द त्रेसष्ट वेळा उच्चारला होता. मर्यादा पाचाची. विद्यार्थी त्यांना 'म्हणजे सर' म्हणत, ते काही उगीच नव्हे. पुढच्या सत्रापासून सगळे वर्ग इंग्रजीतून चालणार होते आणि आजचा तिसरा सराव शेवटचा होता. तो फसला, तर सव्वीस वर्षे शिकवलेला उष्णतेचा विषय दुसऱ्या कुणाकडे जाणार होता.

प्रशिक्षिकेने तक्ता समोर ओढला आणि 'इंग्रजीखेरीज शब्द' या रकान्यात पेन्सिलीचे टोक टेकवले. कधीकाळी ती याच सरांची विद्यार्थिनी होती. त्या गोष्टीसाठी तक्त्यात रकाना नव्हता, आणि नसावा असेच तिचे मत होते.

"सुरू करा, सर."

"हो, मॅडम." एरवी ते तिला 'अगं' म्हणत. या खोलीत मात्र कटाक्षाने 'मॅडम'.

तिने घड्याळाची कळ दाबली.

सरांनी पेल्यात बोट बुडवून मनगट ओले केले, त्यावर फुंकर घातली आणि इंग्रजीत विचारले, पाणी तर खोलीइतकेच गरम आहे, मग गार का वाटते? आणि ते थांबले. एक सेकंद. दोन. तिने घड्याळाकडे पाहिले. विसरले! तेवढ्यात पुढचे वाक्य आले, बेताच्या, स्वच्छ इंग्रजीत: वेगवान रेणू आधी उडून जातात, मागे उरतात ते मंद.

पुन्हा थांबले. आता तिने नीट पाहिले. सरांचे ओठ मिटले, क्षणभर तसेच राहिले, मग उघडले. ओठ मिटल्यावाचून 'म' उच्चारता येत नाही, एवढे ध्वनिशास्त्र तिला येत होते. पण एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे तिला सरांनीच शिकवले होते. तिने वाट पाहिली. तिसऱ्या वेळी तेच. चौथ्या वेळीही तेच. शब्द जागच्या जागी होता. आवाज तेवढा काढून घेतला होता.

"समजा, या वर्गातले हुशार आधी उठून गेले," सर इंग्रजीत म्हणाले. ओठ मिटले. बाकांवरची माणसे नकळत पुढे झुकली. "वर्गाची सरासरी घसरते. कृपया शेजाऱ्याकडे पाहू नये."

वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी नेमके रसायनशास्त्राकडे पाहिले.

तिने कळ दाबली. दहा मिनिटे चार सेकंद. विराम सतरा. शब्दांच्या रकान्यात तिने शून्य लिहिले. ते जरा मोठेच आले.

"असं थांबायला कुठे शिकलात हो?" रसायनवाले म्हणाले. त्यांचा स्वर उतरला होता. "माझा श्वास घ्यायचा राहिला."

"थांबलो कुठे? आतल्या आत म्हणत होतो." सरांनी मनगट पुसले. "तीन आठवडे आमच्या घरी ताटावर चमचा वाजतोय. मी तो शब्द बोललो की बायको वाजवणार. शेवटी वैतागून म्हणाली, अहो, बोलू नका, गिळा."

"पण त्रेसष्ट होते, सर," प्रशिक्षिका म्हणाली. "आज सतराच थांबे झाले. उरलेले शेहेचाळीस?"

"ते उगीचच होते. उडून गेले."

सगळे हसले. सर हसले नाहीत. ते टेबलाशी येऊन तक्त्यातला आकडा शोधत होते. चष्मा कपाळावर होता आणि ते त्यांच्या लक्षात नव्हते.

"अगं, पण विषयाचं काय?"

"विषय तुमचाच, सर. म्हणजे, पत्र रीतसर नंतर येईल, पण… म्हणजे…"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी शांतपणे हात लांब केला, तिची पेन्सिल उचलली आणि तक्त्याच्या कडेला दोन उभ्या रेघा ओढल्या.

"हे दोन कुणाच्या नावावर मांडायचे?"

"माझ्या," सर म्हणाले.