कॉम्प्युटरला कुलूप

“घर आपलं, कॉम्प्युटर आपला, आणि पासवर्ड बाजूच्या अनिरुद्धला? मी काय सावत्र आहे काय गं आई?”

“आवाज खाली कर. तो अभ्यास करतो. तू नुसता गेम खेळत बसतोस.”

रतनचं टाळकंच सटकलं. त्याने नववीत शाळा सोडली तेव्हापासून नाहूरच्या त्या बिल्डिंगीत सगळ्यांना अनिरुद्धचंच कौतुक. आता आईपण त्यातलीच. रोज दुपारी अनिरुद्ध कॉम्प्युटरवर बसला की त्याच्या बाजूला स्टूल टाकून बसायची.

आई पाणी भरायला मोरीत गेली, तसा रतन कॉम्प्युटरवर बसला. ती एका बोटाने अक्षरं शोधत टाइप करायची, त्यामुळे कालच त्याने कपाटाच्या आरशातून बघून पासवर्ड टिपला होता. अनिरुद्धचं जे असेल ते आज सगळं उडवायचं!

पण अनिरुद्धचं काहीच नव्हतं. बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा सतरा नंबर फॉर्म होता, अर्धा भरलेला. नाव आईचं.

“हसू नको हां रतन,” आई मागे येऊन उभी होती. “तो मला शिकवतो. तू चिडवशील म्हणून पासवर्ड टाकला.”

हसतोय कसला! बाबा दहावी झालेले, आता आईपण होणार. म्हणजे घरात नववीवाला एकटा तोच.

“फॉर्मची शेवटची तारीख कधी?”

“उद्या. का रे?”

“फॉर्मला लागतो तो माझा शाळा सोडल्याचा दाखला अजून शाळेतच पडलाय. ऑफिस पाचला बंद होतं. तू बोलत नको बसू, मला आता निघायला पाहिजे.”