उतरवलेलं शीड

"शीड उतरवा!" फिरंगी जहाजावरून दुभाषा ओरडला. त्यांचं जहाज दिसलं की आपल्या माणसानं शीड उतरवून मुजरा करायचा, हा त्यांचा कायदा. समुद्र आमचा, कायदा त्यांचा! गोमाजी तांडेलाच्या बापानं शीड उतरवलं नव्हतं. फिरंग्यांनी त्याला होडीसकट बुडवला.

आज गोमाजी स्वराज्याच्या गुराबेवर, शीड-वल्ह्यांच्या लढाऊ जहाजावर, म्होरक्या होता. "उतरवा," तो म्हणाला.

"तांडेल, लाज सोडली का?" पदाजी गोलंदाज भडकला. "बाप काय म्हणंल?"

"वारा पडलाय, गाढवा. वल्ही काढा!"

शीड खाली आलं. फिरंगी टाळ्या पिटून हसले. त्यांच्याकडं वल्ही नव्हती. वाऱ्याविना ते अवजड धूड जागीच डुलत होतं. गुराब वल्ह्यांवर सरसर त्यांच्या पिछाडीला गेली, जिथं त्यांची एकही तोफ नव्हती. पदाजीनं तोफेला बत्ती दिली. सुकाणूच्या ठिकऱ्या उडाल्या. हसू आटलं. तोफा धडधडत राहिल्या आणि शेवटी फिरंगी झेंडा खाली आला.

"आता तुझ्या धन्याला सांग, शिडं उतरव!" गोमाजी दुभाष्यावर गरजला. मग झुळूक आली तसा तो पदाजीकडं वळला. "आपलं चढव. बाप बघतोय."