कांद्याची सालं

"आपली मराठी माणसं म्हणून घर दिलं होतं," असं म्हणत घरमालकीण सुष्माक्कांनी आम्हाला महिनाअखेर वरचा मजला रिकामा करायला सांगितला. माझ्या बायकोला, चैत्रालीला, सातवा महिना, डॉक्टरांनी रोज एक अंडं खायला सांगितलेलं. ते उकडल्याचा वास म्हणे जिन्यावरून थेट त्यांच्या देवघरात गेला. आणि कर्नाटकातल्या त्या अख्ख्या अग्रहारात, ब्राह्मण आळीत, आम्हाला दुसरं घर मिळेना.

आज त्याच सुष्माक्का हसत वर आल्या. अमेरिकेहून आलेल्या नातीला ईस्टरची अंडी रंगवायची होती, तीही घरगुती रंगांनी. हळद आणि बीट त्यांच्याकडे होतं, कांदा मात्र त्यांच्या घरात येत नाही.

चैत्रालीने कांद्याची सालं काढून दिली. तशी त्यांनी चिमटीत धरलेली अंड्यांची पिशवी आमच्या ओट्यावर ठेवली. "सालं घालून इथंच उकडून दे गं."

मला वाटलं, सुटलो! "म्हणजे आता आम्ही राहिलो तर चालेल ना, अक्का?"

 

"छे छे! तुम्ही गेल्यावर वरच्या मजल्याची शुद्धी करायचीच आहे, अल्वा, हो ना? म्हणून तर इथं उकडायची."